सहा चाळीसला उघडलेलं दार

१

रविवारी दुपारी गुरुजींनी भट्टीचं दार उघडलं, आत पाहिलं आणि हळूच परत लोटून दिलं. मागे तिघंजण माना उंचावून उभे होते. त्यांना भट्टीतलं काही दिसलं नाही, पण गुरुजींचा चेहरा दिसला आणि तेवढं पुरलं.

रांजण गेला होता. तुकडे झाले नव्हते, पण गळ्यापासून बुडापर्यंत बोट जाईल एवढी चीर पडली होती. कमरेएवढा उंच, जाडजूड रांजण. सगळा उन्हाळा गुरुजी त्याच्यापाठी राबले होते. पुढच्या आठवड्यातल्या मोठ्या प्रदर्शनात त्याला मधोमध जागा मिळाली होती. आता तिथे काय ठेवायचं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मातीकामाच्या त्या सामाईक कार्यशाळेत एक नियम होता आणि तो खुद्द गुरुजींनीच भिंतीवर लिहून लावला होता. भट्टी शंभर अंशांच्या खाली गार झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. उघडेल त्याची कार्यशाळेची किल्ली वर्षभर जमा. तापलेल्या भांड्याला गार वारा लागला की ते तडकतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे कोणीतरी उतावळेपणा केला होता.

तिघांतल्या चिटणीसबाई तरातरा ऑफिसात गेल्या. भट्टीला एक छोटं यंत्र जोडलेलं होतं. तापमान किती, दार कधी उघडलं, हे ते आपणहून एका वेबपानावर टाकत असे. एरवी त्या पानावर सगळे तापमान तेवढं बघत. दाराच्या वेळा बघायची गरजच कधी पडली नव्हती. बाईंनी शनिवारचं पान काढलं, छापलं आणि कागद घेऊन बाहेर आल्या. दिवसभरात एकच नोंद होती: दार उघडलं, संध्याकाळी सहा चाळीस.

बाईंनी ती मोठ्याने वाचली. शनिवारी संध्याकाळी कार्यशाळेत एकटं कोण होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या तिघांपैकी दोघांच्या नजरा एकदम तिसरीकडे वळल्या.

२

ही तिसरी म्हणजे भावोजींची मेहुणी, घरातली धाकटी. आता हे भावोजी कोण, ते सांगायला हवं. बायकोच्या माहेरी ते भावोजी, शेजारीपाजारी भावोजी, दूधवाल्यालाही भावोजी. तेव्हा आपणही दुसरं नाव शोधायच्या भानगडीत पडायला नको. गृहस्थ घरी बसून लोकांना वेबपानं बनवून देत. खिडकीपाशी एक खुर्ची, मांडीवर लॅपटॉप आणि हाताशी चहा, एवढ्यावर त्यांचा स्वर्ग दोन बोटं उरायचा. भट्टीचं पानही त्यांनीच बनवलं होतं, मेहुणीच्या शब्दाखातर, फुकटात.

रविवारी उन्हं उतरताना धाकटी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत माती तशीच होती. ताईने, म्हणजे भावोजींच्या बायकोने, तिला आधी हात धुवायला लावले आणि मग रडू दिलं.

"भावोजी, मी दाराला हातसुद्धा लावला नाही."

"मग उघडलं कोणी?"

"तेच तर कळत नाही! सहा चाळीसला मी चाकावर बसले होते. भट्टी माझ्या पाठीशी. पण कोणी आलं असतं तर पायरव तरी ऐकू आला असता ना?"

"म्हणजे तू होतीस, दुसरं कोणी नव्हतं, आणि दार उघडलं."

"अहो, तुम्ही तिच्या बाजूने आहात की त्यांच्या?" ताई म्हणाली.

"मी दाराच्या बाजूने आहे," भावोजी म्हणाले. ताईने त्यांच्यापुढचा चहा उचलून धाकटीला दिला.

चहाच्या घोटाबरोबर बाकीचं बाहेर आलं. मंगळवारी सकाळी समिती बसणार होती. समिती म्हणजे गुरुजी, चिटणीसबाई आणि मॅनेजरसाहेब. खरं तर त्या बैठकीत धाकटीला नव्या वर्गाची शिक्षिका नेमायचं ठरलं होतं, आणि त्या भरवशावर तिने विमा कंपनीतली नोकरी सोडून दिली होती. आता त्याच बैठकीत तिची किल्ली काढून घ्यायची गोष्ट चालली होती.

"नोकरीचं एक वेळ जाऊ दे गं ताई. पण गुरुजी माझ्याकडे बघेनात. मी म्हटलं, मी नाही केलं. तर ते नुसते 'बरं' म्हणाले. मातीत बोट कसं बुडवायचं ते त्यांनी शिकवलं मला, आणि 'बरं' म्हणाले."

ताईचेही डोळे भरले. भावोजींना बायकांच्या रडण्याची फार भीती, म्हणून त्यांनी विषय बदलला. "रांजण झाला तरी कसा होता? चीर सोडून."

"इतका सुंदर! नवी झिलई होती, गुरुजींनी स्वतः मिश्रण केलेली. निळी येईल, हिरवी येईल की चिखलासारखी येईल, ते त्यांनाही माहीत नव्हतं. 'आगीच्या मनात असेल तो रंग' म्हणायचे. शेवाळी आली भावोजी, दगडावरच्या ओल्या शेवाळासारखी. आणि मधोमध ती चीर."

तिने पुन्हा पदर डोळ्यांना लावला. भावोजींनी तेवढ्यात फोन काढला. आपणच केलेलं पान, त्यात नवं ते काय दिसणार, असं म्हणत त्यांनी शनिवार उघडला. मग फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

नोंद एकच होती. पण ती सांगत होती: दार उघडलं, दुपारी एक चाळीस.

३

सोमवारी सकाळी भावोजी फोन हातात धरून चिटणीसबाईंच्या समोर हजर झाले. एका फटक्यात मेहुणी सुटली, अशा थाटात त्यांनी फोन टेबलावर ठेवला. बाईंनी तो चष्म्यावरून पाहिला, मग छापलेला कागद त्याच्या शेजारी ठेवला.

"कागदावर सहा चाळीस आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्या कॉम्प्युटरवर पुन्हा बघू या का?"

बाईंचा कॉम्प्युटर टेबलावर नवरदेवासारखा बसला होता. खाली भरतकामाचा रुमाल, वर धूळ नाही. जुना बिघडला म्हणून परदेशातल्या मुलाने आपला पाठवून दिला होता, येऊन महिना झाला असेल. "आला तेव्हा घड्याळ भलतंच होतं हो याचं," बाई कौतुकाने सांगू लागल्या. "मी कोणाला विचारलं नाही. स्वतः खटपट करून काटे बरोबर आपल्या वेळेला आणून ठेवले. बघा कोपऱ्यात. भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत."

खरंच तंतोतंत होतं. भावोजींनी मान डोलावली.

"त्याची पत्रंही यावर बघते मी. गंमत बघा, आत्ता पत्र आलं की वर वेळ लिहिलेली असते दुपारची. तो पूर्वेकडे ना, आपल्यापुढे पाच तास. त्याच्या गावची वेळ पडते. तेवढंच वाटतं, तिकडचं ऊन इकडे आलं." बाईंचा आवाज क्षणभर मऊ झाला. मग त्यांनी शनिवारचं पान उघडलं आणि आवाज पुन्हा सरळ झाला. "हे घ्या. सहा चाळीस."

भावोजींनी फोनवर पान नव्याने उघडलं. एक चाळीस. बाईंनी कॉम्प्युटरवर नव्याने उघडलं. सहा चाळीस. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे पान कोणी बनवलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"त्यात काय लिहायचं, काय पुसायचं, ते कोणाच्या हातात?"

"माझ्याच, पण..."

"काल सहा चाळीस होतं. तुमची मेहुणी तुमच्याकडे रडत आली, आणि तुमच्या फोनवर त्याचं एक चाळीस झालं. मी काही कॉम्प्युटर शिकलेली नाही, पण दुधखुळीही नाही." बाईंनी कागदाची घडी घातली. "आणि नुकसान एकट्या रांजणाचं नाही. शनिवारी संध्याकाळी गुरुजींचा फोन आला, प्रदर्शनाच्या कार्डावर 'शेवाळी झिलईचा रांजण' असं घाला म्हणून. मी लगेच छापायला दिली. गठ्ठाच्या गठ्ठा आलाय, वाया. उद्या समितीपुढे मी सगळं सांगणार. दार कोणी उघडलं तेही, आणि नोंद कोणी बदलली तेही."

मेहुणीला सोडवायला गेलेले भावोजी स्वतःच आरोपी होऊन बाहेर पडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४

आवारातल्या बाकावर मॅनेजरसाहेब ऊन खात बसले होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते इथे फक्त किटल्या बनवत, आणि एकाही किटलीला तिचं स्वतःचं झाकण बसत नसे. रांजणाने भट्टी अडवल्यामुळे त्यांच्या किटल्या या खेपेला बाहेर राहिल्या होत्या. ते आठवडाभर कुरकुरत होते. भावोजींच्या मनात आलं, रागाच्या भरात माणूस काय करील सांगता येत नाही.

"शनिवारी दुपारी तुमची पाळी होती ना?"

"होती. पण भट्टीच्या वाटेला मी जात नाही बुवा. मागे एकदा डोकावलो तर भुवया गेल्या. उगवेपर्यंत घरी हसत होते सगळे."

"दुपारभर इथेच होतात?"

"जेवायला गेलो होतो की. गुरुजी माती मळत बसले होते, त्यांना म्हटलं, जरा लक्ष असू द्या. उकाडा मरणाचा, म्हणून जाताना ती समोरची खिडकी उघडून गेलो." त्यांनी भट्टीसमोरच्या खिडकीकडे बोट केलं आणि एकदम सावध झाले. "का हो? खिडकी उघडायची नाही असा नियम नाहीये."

"नाही, नाही. आणि परत आलात तेव्हा?"

"तेव्हाची तर मजा!" मॅनेजरसाहेबांची कळी खुलली. "तुम्हाला माहीत नाही, भट्टी तापत असली की गुरुजींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. दार उघडून भांडी बघेपर्यंत कोणाशी धड बोलणार नाहीत. आम्ही तेवढे दिवस चार हात लांबच असतो. आणि शनिवारी मी येतो तर काय, गुरुजी गुणगुणतायत! मला चहा पाजला. माझ्या किटलीचं झाकण हातात घेतलं आणि म्हणाले, 'बसेल हो साहेब, बसेल.' आजवर त्या झाकणाबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत, कसला आनंद झालाय म्हणून?"

"छे! चांगल्या दिवसाला कारण विचारू नये. कारणं वाईट दिवसाला विचारायची."

हे भावोजींना इतकं पटलं की ते थोडा वेळ बाकावर तसेच बसून राहिले. मग उठून आत गेले.

गुरुजी थंड भट्टीसमोर स्टुलावर बसले होते. माणूस उंच, हात फावड्याएवढे, पण आज अंगात हवा नसल्यासारखे दिसत होते. धाकटी कोपऱ्यात चाक पुसत होती. दोघांमध्ये एवढी शांतता होती की भावोजींनी चपला हातात घेतल्या असत्या तरी चाललं असतं.

"गुरुजी, त्या नोंदीबद्दल विचारायचं होतं."

"सहा चाळीस ना?" गुरुजी घाईने म्हणाले. "नक्की सहा चाळीस? बाई म्हणाल्या तसं?"

"बाईंच्या कॉम्प्युटरवर सहा चाळीस आहे."

"मग झालं तर." त्यांनी श्वास सोडला. मग खाली बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शनिवारी दिवसभरात तेवढी एकच नोंद आहे? दुसरी नाही?"

"एकच. यंत्र एकही उघडणं सोडत नाही."

गुरुजींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते भावोजींनी पाहिलं, पण त्याला काय म्हणावं ते त्यांना त्या क्षणी कळलं नाही.

५

घरी आल्यावर भावोजींनी लॅपटॉप उघडला आणि आपल्याच पानाची उलटतपासणी सुरू केली. नोंद कोणी बदललेली नव्हती. यंत्राने जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं होतं. तरी एका ठिकाणी दुपार आणि दुसऱ्या ठिकाणी संध्याकाळ.

"दोघांपैकी एकाचं घड्याळ चुकीचं असणार," ताई पोळीचा डबा आवरत म्हणाली.

"दोघांची घड्याळं बरोबर आहेत. बाईंचं तर भिंतीशी तंतोतंत जुळतं."

"मग बाई खोटं बोलतात."

"कागद दाखवतात गं त्या. आणि त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत, वाटलं तर भांडतील." भावोजींनी पाय खुर्चीवर घेतले. "लेकाची पत्रं वाचून खूश होणारी बाई आहे. त्याच्या गावची वेळ पडते म्हणून तिला केवढं कौतुक..."

ते बोलता बोलता थांबले. ताईला हे थांबणं ओळखीचं होतं. असे थांबले की एक तर कोडं सुटलेलं असतं, नाही तर चहाचा कप सांडलेला असतो. तिने आधी कप पाहिला. कप ठीक होता.

"पडते कशी?" भावोजी म्हणाले. "पत्र कुठूनही येवो, वेळ पडायला हवी बाईंच्या गावची! बाई आपल्या घरी बसून लेकाच्या गावची वेळ बघतायत, आणि त्यांना वाटतंय ही पत्राची करामत."

"मला समजेल असं सांगा."

भावोजींनी समजेल असं सांगितलं. ताईला ते पटलं, मग तिला हसू आलं, आणि मग तिने विचारलं, "म्हणजे दार खरंच दुपारी उघडलं? कोणी?"

भावोजींनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी नाव सांगितलं.

ताईने डबा खाली ठेवला. "शक्यच नाही," ती म्हणाली. "धाकटीला हे कळलं तर तिला रांजणाहून जास्त लागेल."

६

मंगळवारी सकाळी समिती भट्टीच्या खोलीतच बसली. बाईंनी घडी घातलेला कागद पुढे ठेवला, आणि धाकटीने कोणी मागायच्या आत आपली किल्ली त्याच्यावर ठेवली. ताई दारातच उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण परत जा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

"नोंद मी बदललेली नाही," भावोजी म्हणाले. "पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाई, तुम्हीच भट्टीचं दार उघडा आणि लावा. ती रिकामी आहे, गारही आहे. मग तुमच्याच कॉम्प्युटरवर तुम्हीच बघा. मी इथून हलत नाही."

बाईंनी दार उघडलं, धाडकन लावलं आणि ऑफिसात गेल्या. भिंतीवर अकरा वाजत होते. आतून माउसची टकटक ऐकू आली, थांबली, पुन्हा सुरू झाली. मग बाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळ बारीक.

"इथे दुपारचे चार लिहिलेत."

"आत्ता उघडलेल्या दाराचे?" मॅनेजरसाहेब उठून उभे राहिले. "आणि कोपऱ्यातलं घड्याळ?"

"अकरा."

"म्हणजे भट्टीला भविष्य कळतं की काय!"

"भट्टीला काही कळत नाही, तेच बरं आहे," भावोजी म्हणाले. "ती वेळ नोंदवते ती साऱ्या जगाच्या सामाईक घड्याळात. माझं पान ती वेळ बघणाऱ्याच्या गावच्या वेळेत करून दाखवतं. तुमचं गाव कोणतं, हे ते तुमच्या मशीनला विचारतं. बाई, तुमच्या मशीनला दोन गोष्टी ठाऊक असतात. किती वाजले, आणि मी कुठे आहे. तुम्ही काटे फिरवलेत, पण गाव बदललं नाहीत. त्याला अजून वाटतंय, आपण तुमच्या मुलाच्याच टेबलावर आहोत. म्हणून जे जे ते भाषांतर करून दाखवतं, ते पाच तास पुढचं. पत्रंसुद्धा."

बाई दारात येऊन उभ्या होत्या. "म्हणजे ती वेळ त्याने पाठवलेली नव्हती?" त्यांनी विचारलं. भट्टीपेक्षा त्यांना तेच आधी लागलं होतं.

"नाही बाई. पत्रं मात्र त्याचीच आहेत," भावोजी हळू म्हणाले. "आणि यात माझाही मूर्खपणा आहे. वेळेपुढे ती कुठली, ते लिहायला हवं होतं. ओळ लांबते, शोभा जाते, म्हणून मी गाळलं. खरं तर भट्टी काही गावोगाव हिंडत नाही. कोणीही कुठूनही बघो, पानाने भट्टीच्याच गावची वेळ सांगायला हवी. कालच तसं करणार होतो, पण आज तुम्हाला हे दाखवायचं होतं."

मॅनेजरसाहेबांनी बोटांवर पाच तास मागे मोजले. "एक चाळीस! पण एक चाळीसला तर मी जेवत होतो."

"हो."

"म्हणजे तेव्हा इथे..." साहेबांचं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं.

भावोजी काही बोलले नाहीत. त्यांना सगळं माहीत होतं आणि तरी ते बोलले नाहीत, ही त्यांची या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी हुशारी.

गुरुजी उठले. खिशातून किल्ली काढून त्यांनी धाकटीच्या किल्लीशेजारी ठेवली.

"मी उघडलं," ते म्हणाले.

७

"एक बोटभर उघडलं होतं. रंग कोणता आला, ते बघायला." गुरुजी बसले नाहीत. "चाळीस वर्षं लोकांना शिकवतोय की उघडू नका, आणि चाळीस वर्षं गुपचूप डोकावतोय. लहान भांड्यांना कधी काही झालं नाही. हा रांजण जाड होता, आणि समोरून वारा येत होता ते माझ्या ध्यानात आलं नाही."

मॅनेजरसाहेबांनी खिडकीकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"रविवारी चीर पाहिली. वाटलं, माझंच पाप. पण बाईंनी सहा चाळीस वाचलं, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, मी उघडलं ते दुपारी. संध्याकाळी आणखी कोणीतरी उघडलं असणार, त्यानेच गेला. मनापासून मानलं मी तसं. पण काल यांनी सांगितलं, दिवसभरात नोंद एकच. दोघांनी उघडलं असतं तर नोंदी दोन हव्यात. एकच आहे, तर ती माझी. रात्रभर तेच."

"मग काल का नाही बोललात?" ताई दारातून म्हणाली.

"धीर झाला नाही हो," गुरुजी म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "तुझ्यावर संशय घ्यायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. तो सोयीचा होता, एवढंच. 'बरं' म्हणालो तुला. ते फार वाईट केलं मी."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. चिटणीसबाईंनी नाक ओढलं आणि हिशेबी माणसं करतात तसा मध्येच प्रश्न विचारला. "पण भावोजी, तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत की! गुरुजींनी शनिवारी संध्याकाळीच कार्डावर 'शेवाळी' घालायला लावलं होतं. तो रंग रविवारपर्यंत कोणालाच माहीत नव्हता, आगीशिवाय. आणि साहेबांना चहा मिळाला होता. न उघडलेल्या भट्टीवर गुरुजी कोणाला चहा पाजत नाहीत म्हणे."

"म्हणजे माझ्या झाकणाचं कौतुक..." मॅनेजरसाहेब कळवळून म्हणाले.

"ते खरं होतं," गुरुजी म्हणाले. सगळे हसले, आणि तेही हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

समितीचं काम मग पाच मिनिटांत उरकलं. धाकटीची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली. कार्यशाळेच्या आणि भट्टीच्या किल्ल्या यापुढे शिक्षिकेकडे राहतील, असंही ठरलं. चिटणीसबाईंनी भावोजींची माफी मागितली, म्हणजे "तुम्ही तसे बरे आहात" असं म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरचं गाव बदलून मागितलं. बदलून झाल्यावर त्या पडद्याकडे बघत बसल्या. मग मुलाच्या वेळेचं एक वेगळं छोटं घड्याळ कोपऱ्यात लावून द्याल का, असं त्यांनी विचारलं. भावोजींनी लगेच लावून दिलं.

नियम मात्र बाईंनी सोडला नाही. गुरुजींची किल्ली वर्षभर जमा झाली, आणि गुरुजींनीच तसं लिहून घ्यायला लावलं. प्रदर्शनात मधोमध तो चिरलेला रांजणच गेला. कार्डं छापलेलीच होती, ती वाया जाऊ देणं बाईंच्या जिवावर आलं असतं.

नव्या वर्गाची पहिली भट्टी लागली तेव्हा शिकणाऱ्यांचे कटोरे, धाकटीच्या सुरया आणि मॅनेजरसाहेबांच्या साऱ्या किटल्या आत होत्या. गुरुजींनी त्यातच आपली एक लहानशी वाटी ठेवायला दिली होती, त्याच झिलईची. भट्टी गार होईपर्यंत ते आवारातल्या बाकावर एरंडेल प्यायलेलं तोंड करून बसून राहिले. भावोजी आणि ताई मुद्दाम बघायला आले होते. पान आता भट्टीच्याच गावची वेळ दाखवत होतं, पण त्या दिवशी वेळेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे तापमानाकडे बघत होते.

तापमान शंभराच्या खाली उतरलं. धाकटी आणखी थोडी थांबली. मग तिने खोलीची खिडकी लावून घेतली, कातडी हातमोजे उचलले आणि आवारात येऊन गुरुजींसमोर उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

"मी? अगं, माझी किल्ली जमा आहे."

"किल्ली माझ्याकडे आहे. मी विचारतेय, दार उघडायला याल का."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. "आत काय आलंय ते तू पाहिलंस का?"

"नाही."

"जरासुद्धा नाही?"

"नाही गुरुजी. शंभराच्या वर होती."

गुरुजी उठले. एक हातमोजा त्यांनी घाईघाईने चढवला, दुसरा अंगठ्याशी अडला, तो तिने ओढून बसवला.